जाणाऱ्या मॉड्यूलची आवराआवर

लिनक्सचं कर्नल कोसळतं तेव्हा पडद्यावर आकड्यांचा आणि पत्त्यांचा एक मोठा ठोकळा उमटतो. कुठल्या सूचनेवर अडलं, कुठल्या फंक्शनमधून तिथवर आलं, प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये काय होतं, हे सगळं त्यात असतं. त्यातच एक ओळ असते: त्या क्षणी कर्नलमध्ये चढवलेल्या सगळ्या मॉड्यूलची यादी. आणि यादीच्या शेपटीला, चौकटी कंसात, आणखी एक नाव: 'लास्ट अनलोडेड'. सगळ्यात शेवटी काढून टाकलेलं मॉड्यूल.

जे आता तिथे नाहीच, त्याचं नाव अपघाताच्या पंचनाम्यात कशाला? याचं उत्तर अनुभवात आहे. मॉड्यूल निघून गेल्यावर काही सेकंदांनी, कधी काही तासांनी, त्याने मागे ठेवलेल्या एखाद्या पत्त्यावर कर्नल जातं आणि तिथे भलतंच काही सापडतं. तोवर गुन्हेगार यादीतून नाहीसा झालेला असतो. म्हणून कर्नल त्याचं नाव बाजूला टिपून ठेवतं. या एका ओळीवरून लक्षात येईल की मॉड्यूल काढणं हे कर्नलच्या दृष्टीने किती संशयास्पद काम आहे.

मॉड्यूल म्हणजे कर्नल चालू असतानाच त्याला जोडता येणारा आणि पुन्हा सोडवता येणारा कोडचा तुकडा. वायफाय कार्डाचा ड्रायव्हर, एखादी फाइलसिस्टिम, फायरवॉलचा एखादा भाग. 'मॉडप्रोब' ही आज्ञा दिली की ते चढतं, 'आरएममॉड' दिली की उतरतं. चढताना त्याचं सुरुवातीचं फंक्शन चालतं आणि उतरताना निरोपाचं. मॉड्यूलने घेतलेली मेमरी परत करण्याची जबाबदारी या निरोपाच्या फंक्शनची.

ही जबाबदारी दुसऱ्या कोणाची का नाही? आपण रोज वापरतो ते प्रोग्रॅम या बाबतीत चांगलेच लाडावलेले असतात. ब्राउझर बंद करा, तो आपोआप कोसळू द्या किंवा त्याला जबरदस्तीने ठार करा, त्याने घेतलेलं मेमरीचं पान न् पान कर्नल परत घेतं. प्रत्येक प्रोसेसच्या नावावर काय काय आहे याचा हिशेब कर्नलकडे असतो. कर्नलच्या आत मात्र असा हिशेब ठेवणारं वर कोणी नाही. मॉड्यूलने 'केमॅलॉक' म्हणून ६४ बाइट मागितले की ते त्याला मिळतात, पण ते ६४ बाइट अमुक मॉड्यूलचे आहेत अशी नोंद साधारणपणे होत नाही. मॉड्यूल गेलं तरी ते बाइट तसेच अडकून राहतात, थेट यंत्र बंद होईपर्यंत.

इथे दोन प्रकारे चुकता येतं. परत करायचं राहून गेलं तर गळती. वेळेआधी परत केलं आणि नंतर कोणीतरी ते वापरलं तर मात्र आणखी वाईट, कारण तोवर तीच जागा कर्नलने दुसऱ्या कोणाला दिलेली असते. तुमच्या जुन्या टायमरने लिहिलेला आकडा कदाचित एखाद्या फाइलच्या परवानग्यांवर जाऊन बसतो. सुरक्षेतल्या कितीतरी मोठ्या भगदाडांचं मूळ याच दुसऱ्या चुकीत आहे. पाठ्यपुस्तकं दोन्ही चुकांना सारखेच फटके देतात. माझं मत वेगळं आहे: कर्नलमध्ये शंका असेल तर गळती परवडली. खुद्द कर्नललाही हे पटलेलं दिसतं. एखाद्या मॉड्यूलने आपल्या खास वस्तूंसाठी बनवलेला मेमरीचा साठा मोडायला काढला आणि त्यातली एखादी वस्तू अजून वापरात असली, तर कर्नल कुरकुर करतं, लॉगमध्ये इशारा छापतं, पण त्या वस्तूची जागा हिसकावून घेत नाही.

परत करण्याचा क्रम सोपा आहे: घेतलं त्याच्या उलट. आधी मेमरी घेतली, मग इंटरप्ट नोंदवला, मग डिव्हाइस जगाला दाखवलं, तर जाताना आधी डिव्हाइस लपवायचं, मग इंटरप्ट सोडायचा, मग मेमरी. सुरुवातीचं फंक्शन मध्येच फसलं तरी जेवढं घेतलं तेवढंच याच उलट्या क्रमाने सोडावं लागतं, आणि त्यासाठी कर्नलमध्ये सर्रास 'गोटू', म्हणजे कोडमध्ये थेट दुसऱ्या जागी उडी मारणारी आज्ञा, वापरतात. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६८ साली ज्याच्याविरुद्ध प्रसिद्ध पत्र लिहिलं, तोच हा गोटू. कॉलेजात तो वापरला म्हणून गुण कापले जातात. कर्नलमध्ये तो वापरला नाही तर तपासणारे विचारतात, का नाही वापरला.

इथवर सगळं शिस्तीचं काम झालं. मेमरी परत करणारी 'केफ्री' ही एक ओळ आहे आणि ती लिहायला अक्कल लागत नाही. ती ओळ चालून गेल्यावर त्या पत्त्यावर पुन्हा कोणीही येणार नाही, ही खात्री मिळवणं अवघड. निरोपाच्या फंक्शनचा खरा वेळ त्यात जातो.

येणारे बरेच असतात. पहिला इंटरप्ट. हार्डवेअर आपल्या मर्जीने प्रोसेसरचं लक्ष वेधतं आणि मॉड्यूलचं फंक्शन, म्हणजे हँडलर, चालू लागतं, कुठल्याही प्रोसेसरवर, कुठल्याही क्षणी. इंटरप्ट सोडण्यासाठी असलेलं 'फ्री-आयआरक्यू' हे फंक्शन यावर चांगला तोडगा आहे: दुसऱ्या प्रोसेसरवर तो हँडलर चालू असेल, तर तो संपेपर्यंत ते परततच नाही. तरी एक खाच उरते. एकच इंटरप्टची तार अनेक डिव्हाइस वाटून घेत असतील, तर शेजारच्या डिव्हाइसमुळेही आपला हँडलर बोलावला जातो, आपलं डिव्हाइस गप्प असलं तरी. बऱ्याच ड्रायव्हर लेखकांना हे लक्षात राहत नाही. म्हणून कर्नलमध्ये तपासणीचा एक खट्याळ पर्याय आहे. तो चालू केला की वाटून घेतलेला इंटरप्ट सोडताना कर्नल मुद्दाम एकदा तो हँडलर स्वतःच बोलावून बघतं. ज्याने मेमरी आधी सोडून इंटरप्ट नंतर सोडला असेल, तो तिथल्या तिथे उघडा पडतो.

दुसरा पाहुणा टायमर. अमुक मिलिसेकंदांनी हे फंक्शन चालव, असं मॉड्यूल कर्नलला सांगून ठेवतं. ते फंक्शन पुष्कळदा शेवटी स्वतःलाच पुन्हा लावून घेतं. टायमर नुसता रद्द करणं पुरत नाही, कारण त्याच क्षणी दुसऱ्या प्रोसेसरवर त्याचं फंक्शन धावत असू शकतं. म्हणून रद्द करून शिवाय धावणारं फंक्शन संपेपर्यंत थांबणारा दुसरा प्रकार आहे. वर्षानुवर्षं सगळे तोच वापरत आले. पण समजा टायमर वाजला की तो एक काम वर्कक्यूत टाकतो, म्हणजे कर्नलच्या निवांत कामांच्या रांगेत, आणि ते काम पूर्ण झालं की टायमर पुन्हा लावतं. आता निरोपाच्या फंक्शनने आधी काय बंद करायचं? आधी टायमर रद्द केला तर रांगेतलं काम तो परत लावतं. आधी काम रद्द केलं तर टायमर नवं काम टाकतो. कुठल्याही क्रमाने लिहा, एक फट राहतेच. ब्लूटूथच्या एका ड्रायव्हरमध्ये नेमका हाच गुंता होता.

हा प्रश्न २०२२ पर्यंत असाच रेंगाळला. स्टीव्हन रोस्टेट यांनी तो लावून धरला आणि टायमरचा कोड सांभाळणाऱ्या थॉमस ग्लाइक्सनर यांनी त्याला अंतिम रूप दिलं. पुढच्या वर्षी आलेल्या ६.२ या आवृत्तीत टायमर 'शटडाउन' करण्याची सोय मिळाली. ती वापरली की टायमर रद्द होतो, त्याचं धावतं फंक्शन संपेपर्यंत थांबलं जातं आणि शिवाय त्या टायमरमधला फंक्शनचा पत्ताच पुसला जातो. पुढे कोणी तो पुन्हा लावायचा प्रयत्न केला, तर कर्नल तो गुपचूप दुर्लक्षित करतं. वर्तुळ एका जागी कायमचं तोडलं की बाकीचं सरळ रेषेत सोडवता येतं. लिनक्स तेव्हा तिशी ओलांडून गेलेलं होतं. इतकी मूलभूत गोष्ट इतक्या उशिरा आली याचं आश्चर्य वाटतं खरं, पण मॉड्यूल काढणं हे कोणाचंच आवडतं काम नाही.

तिसरा पाहुणा सगळ्यात विचित्र. तो म्हणजे मॉड्यूल स्वतः. मॉड्यूलचा कोडही मेमरीतच असतो. निरोपाचं फंक्शन संपलं की कर्नल त्या कोडच्या सूचना मिटवून त्यांची पानं परत घेतं. त्या वेळी एखादा प्रोसेसर त्या कोडच्या मधोमध उभा असेल तर त्याच्या पायाखालची जमीनच जाते.

यासाठी प्रत्येक मॉड्यूलचा वापर किती ठिकाणी चालू आहे याची एक मोजणी असते. 'एलएसमॉड' आज्ञेत ती दिसते, आणि ती शून्य नसेल तर मॉड्यूल उतरत नाही. पण लिनक्सच्या २.४ पर्यंतच्या काळात बऱ्याच मॉड्यूलना ही मोजणी स्वतःच वाढवावी आणि घटवावी लागे. फंक्शनमध्ये शिरल्यावर पहिलं काम आकडा वाढवणं. दोष उघड आहे: आकडा वाढवणारी सूचनाही मॉड्यूलच्याच कोडमध्ये. तिथे पोचेपर्यंत आकडा शून्यच असतो, आणि नेमक्या त्या फटीत मॉड्यूल उतरवलं गेलं तर सगळंच संपलं. बाहेर पडतानाही तसंच: आकडा घटवल्यावर परतण्याच्या दोन-चार सूचना अजून मॉड्यूलच्याच हद्दीत बाकी असतात.

रस्टी रसेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरने २००२ मध्ये मॉड्यूल चढवण्या-उतरवण्याची सगळी यंत्रणा नव्याने लिहिली. त्याच वर्षी ओटावाला भरलेल्या कर्नल विकासकांच्या बैठकीत, मॉड्यूल काढण्याची सोयच बंद करावी का, यावरही चर्चा झाली. सोय टिकली, पण ऐच्छिक म्हणून. २.६ पासून मॉड्यूल उतरवण्याची क्षमता न ठेवताही कर्नल बांधता येतं. नव्या पद्धतीत मोजणी मॉड्यूलच्या बाहेर, कर्नलच्या गाभ्यात होते: आत शिरण्याआधीच आकडा वाढतो आणि मॉड्यूल निघायला लागलं असेल तर प्रवेश नाकारला जातो. आकडा खरोखर शून्य आहे ना, हे तपासण्यासाठी ही यंत्रणा क्षणभर यंत्रातले सगळे प्रोसेसर थांबवत असे. एका ड्रायव्हरच्या निरोपासाठी सारी वाहतूक बंद! मासामी हिरामात्सू यांच्या कामामुळे २०१५ मधल्या ३.१९ या आवृत्तीपासून ही गरज संपली. आणि ज्या मॉड्यूलला सुरुवातीचं फंक्शन आहे पण निरोपाचं लिहिलेलंच नाही, ते कायमचं समजलं जातं. 'एलएसमॉड'मध्ये त्याच्यापुढे 'परमनंट' असा शिक्का दिसतो. हा आळस नव्हे, पुष्कळदा तो प्रामाणिकपणा असतो.

परतण्याच्या त्या दोन-चार सूचनांचा प्रश्न मोजणीने सुटत नाही, विशेषतः मॉड्यूलने स्वतःचा थ्रेड चालवला असेल तेव्हा. थ्रेड 'माझं झालं' अशी खूण करतो, निरोपाचं फंक्शन त्या खुणेचीच वाट बघत असतं, ते लगेच पुढे सरकतं, मॉड्यूल नाहीसं होतं. आणि थ्रेड? खूण केल्यानंतरची परतीची सूचना चालवायला तो जातो तेव्हा ती सूचनाच उरलेली नसते. यावर उपाय एकच: खूण करणं आणि थ्रेड संपवणं ही दोन्ही कामं मॉड्यूलच्या बाहेर, कर्नलच्या एकाच फंक्शनमध्ये करायची, म्हणजे तिथून मॉड्यूलमध्ये परतायची वेळच येत नाही. असं फंक्शन कर्नलमध्ये आहे, आणि ते फक्त या चिमूटभर सूचनांसाठी आहे.

आता या प्रकरणातला सगळ्यात गुंतागुंतीचा भाग. तो आरसीयू या तंत्राभोवती आहे. आरसीयू म्हणजे रीड-कॉपी-अपडेट. पॉल मॅकेनी आणि जॉन स्लिंगवाइन यांनी ते नव्वदच्या दशकात सिक्वेंट या कंपनीच्या अनेक प्रोसेसरवाल्या यंत्रांसाठी विकसित केलं. लिनक्समध्ये ते ऑक्टोबर २००२ मध्ये आलं. तिथला सुरुवातीचा कोड आणण्यात दीपंकर सरमा या भारतीय अभियंत्याचा मोठा वाटा होता.

कल्पना अशी. एखादी यादी हजारो वेळा वाचली जाते आणि क्वचित बदलते. वाचणाऱ्यांना दर वेळी कुलूप लावायला सांगितलं तर वेग जातो. म्हणून वाचणाऱ्यांनी काहीच करायचं नाही. काही प्रकारच्या कर्नलमध्ये 'वाचायला सुरुवात' या सूचनेतून खरोखरच एकही यंत्रसूचना तयार होत नाही. सगळा भार बदलणाऱ्यावर. त्याने वस्तू यादीतून काढायची, पण लगेच मोकळी करायची नाही, कारण कोणीतरी ती वाचत असेल. लग्नातल्या पंगतीत नवं माणूस बसवणं थांबवता येतं, पण बसलेल्यांच्या पुढून पत्रावळ ओढता येत नाही. ती पंगत उठेपर्यंत थांबायचं. मात्र शेजारच्या मांडवात नंतर बसलेल्या पंगतीशी आपल्याला देणंघेणं नाही. आरसीयूचा 'ग्रेस पिरियड' हाच: वस्तू यादीतून निघाली तेव्हा जे वाचत होते, ते सगळे संपेपर्यंतचा काळ. प्रत्येक प्रोसेसरने एकदा तरी आपलं काम बदललं की तो संपला असं धरता येतं. साधारण काही मिलिसेकंद.

थांबण्याचे दोन मार्ग. एक 'सिंक्रोनाइझ-आरसीयू': तिथेच उभं राहून वाट पाहायची. दुसरा 'कॉल-आरसीयू': ग्रेस पिरियड संपला की माझं अमुक फंक्शन बोलाव, असं सांगून आपण पुढे जायचं. जिथे झोपून राहणं परवडत नाही, तिथे दुसराच मार्ग. ते 'अमुक फंक्शन' साधारणपणे वस्तू मोकळी करण्याचं काम करतं.

ते फंक्शन कुठे असतं? मॉड्यूलमध्ये! मॉड्यूलने कॉल-आरसीयू केलं, निरोप घेतला, कोडची पानं गेली. नंतर ग्रेस पिरियड संपला आणि कर्नलने सांगितलेल्या पत्त्यावर उडी मारली. मेमरी व्यवस्थित मोकळी करण्यासाठीच ठेवलेली नोंद कर्नल पाडते.

पहिला मोह असा की निरोपाच्या फंक्शनमध्ये एकदा सिंक्रोनाइझ-आरसीयू म्हणावं. तेवढ्याने काम होत नाही. ते वाचणाऱ्यांची वाट बघतं, बोलावायच्या फंक्शनांची नाही. ग्रेस पिरियड संपला म्हणजे फंक्शन बोलावण्याची परवानगी मिळाली इतकंच. प्रत्यक्षात त्या प्रोसेसरवर अशा फंक्शनांची लांब रांग असेल तर ती थोडी थोडी करून चालवली जातात, कारण बाकीची कामंही व्हायला हवीत. दोनदा, तीनदा सिंक्रोनाइझ-आरसीयू म्हटलं तरी हमी नाही. चाचणीत बहुधा चालून जातं, हेच त्यातलं दुखणं.

यावरचं औषध 'आरसीयू-बॅरियर'. ते प्रत्येक प्रोसेसरच्या रांगेत शेवटी आपलं एक फंक्शन ठेवतं. एका प्रोसेसरवरच्या रांगेतला क्रम कधी बदलत नाही, म्हणून आपलं फंक्शन चालू झालं की त्याच्या आधीची सगळी चालून गेली. प्रत्येक फंक्शन एक आकडा कमी करतं. आकडा शून्य झाला की सगळ्या रांगा तिथवर रिकाम्या. यातही बारकावा आहे. आकडा शून्यापासून वाढवत नेला तर पहिल्या प्रोसेसरचं फंक्शन इतर प्रोसेसरवर नोंद व्हायच्या आतच चालून आकडा पुन्हा शून्यावर आणू शकतं. मग वाट पाहणारा फसेल. म्हणून एक जादा मोजूनच सुरुवात करायची आणि सगळ्या नोंदी झाल्यावर तो जादाचा काढायचा.

आरसीयू-बॅरियर मुळात मॉड्यूलसाठी बनलंच नव्हतं. निकिता डानिलोव्ह हे एका फाइलसिस्टिममध्ये आरसीयू वापरत होते आणि ती फाइलसिस्टिम अनमाउंट करताना त्यांना हीच अडचण आली. त्यांच्यासाठी दीपंकर सरमा यांनी हे फंक्शन लिहिलं. पुढे कितीतरी काळाने मॅकेनी 'आरसीयू-टॉर्चर' लिहायला बसले. आरसीयूला छळून त्यातल्या चुका बाहेर काढणारं हे मॉड्यूल. ते उतरवताना त्यांना तोच दगड लागला, आणि औषध आधीच तयार असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. तंत्राचा जनकच त्या तंत्राच्या निरोपात अडखळतो, तर नव्या ड्रायव्हर लेखकाने लाज वाटून घेऊ नये.

क्रम मात्र पाळावा लागतो. आधी नवी कॉल-आरसीयू होणार नाहीत अशी व्यवस्था, म्हणजे टायमर बंद, वर्कक्यू रिकामी, डिव्हाइस यादीतून बाहेर. मग आरसीयू-बॅरियर. मग मेमरीचे साठे मोडायचे. पहिली पायरी वगळली तर बॅरियर निरर्थक, कारण ते फक्त त्याच्या आधीच्या नोंदींची वाट पाहतं.

फंक्शन मॉड्यूलमध्ये असणं हाच त्रास असेल, तर ते मॉड्यूलमध्ये ठेवूच नये, हा विचार साहजिक आहे. 'केफ्री-आरसीयू' त्यासाठीच: वाचणारे संपले की ही वस्तू तूच मोकळी कर, असं थेट कर्नलला सांगायचं. जून २०२४ मध्ये ज्युलिया लॉल यांनी चौदा पॅचांची एक मालिका पाठवली. कोड आपोआप शोधून बदलणाऱ्या कॉक्सिनेल या साधनाच्या त्या एक निर्मात्या. जिथे जिथे मॉड्यूलचं फंक्शन फक्त वस्तू आपल्या साठ्यात परत टाकतं, तिथे तिथे केफ्री-आरसीयू वापरा, असा प्रस्ताव. कोड कमी, धोका कमी. पण त्यातला एक बदल वायरगार्ड या व्हीपीएनच्या कोडला होता, आणि त्याचे कर्ते जेसन डोनेनफेल्ड यांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. केफ्री-आरसीयू वस्तूंचे गठ्ठे बांधून सवडीने मोकळे करतं आणि आरसीयू-बॅरियर त्या गठ्ठ्यांची वाट पाहत नाही. म्हणजे मॉड्यूल निघताना साठा मोडायला जाईल आणि त्यातल्या वस्तू अजून गठ्ठ्यातच असतील.

बरीच चर्चा झाली. शेवटी उलादझिस्लाऊ रेझ्की आणि व्लास्टिमिल बाब्का यांच्या कामातून मार्ग निघाला: या गठ्ठ्यांसाठी वेगळं बॅरियर आलं आणि साठा मोडणारं फंक्शन ते आपण होऊन बोलावू लागलं. नोव्हेंबर २०२४ मधल्या ६.१२ आवृत्तीपासून ही सोय आहे. मला यातली दिशा महत्त्वाची वाटते. वाट पाहण्याची जबाबदारी हजारो ड्रायव्हर लेखकांकडून एका ठिकाणी, साठ्याच्या कोडमध्ये सरकली.

इतकं करूनही चुका होतातच, तेव्हा त्या पकडायच्या कशा? मोकळी केलेली मेमरी ओळखीच्या विषाने भरून ठेवणं ही जुनी युक्ती. तपासणी चालू असेल तर कर्नल मोकळ्या जागेतल्या जवळजवळ प्रत्येक बाइटमध्ये षोडशमान पद्धतीतला ६बी हा आकडा भरतं. कोसळल्यानंतरच्या ठोकळ्यात ६बी६बी६बी६बी असा पत्ता दिसला की जाणकार बाकीचं वाचतच नाही: मोकळी केलेली वस्तू कोणीतरी वापरली. टायमर चालू असतानाच त्याची मेमरी सोडली तर सांगणारी वेगळी यंत्रणा २००८ पासून आहे, तीही ग्लाइक्सनर यांचीच. गळती शोधायला कॅटलिन मरिनास यांचं 'केमेमलीक', जे दर दहा मिनिटांनी मेमरी चाळून कोणाच्याच हाती पत्ता नसलेले तुकडे दाखवतं. आणि सगळ्यांत कडक 'केसॅन', २०१५ पासून. ते प्रत्येक आठ बाइटांमागे एक बाइट पहाऱ्याला ठेवतं. मेमरीचा आठवा भाग त्यात जातो, वेगही घसरतो, पण चूक घडते त्या ओळीवरच सापडते. मॉड्यूल चढवा-उतरवा असं शेकडो वेळा करणारी एक छोटी स्क्रिप्ट आणि शेजारी केसॅन, एवढी जोडी ड्रायव्हर लेखकाला पुष्कळ काही शिकवते.

सोयीच्या नावाखाली नवा खड्डा कसा खणला जातो याचं उदाहरण म्हणजे 'डेव्हएम' मालिकेतली फंक्शनं. टेजुन हिओ यांनी ती २००७ मध्ये आणली. डिव्हाइसच्या नावावर मेमरी घ्या आणि डिव्हाइस ड्रायव्हरपासून सुटलं की ती आपोआप, उलट्या क्रमाने, परत जाईल. गोटूंची माळच संपली. ड्रायव्हर लेखकांनी ती आनंदाने उचलली. पण डिव्हाइस सुटणं आणि त्याचा वापर संपणं या वेगळ्या घटना आहेत. यूएसबी कॅमेरा ओढून काढला तरी व्हिडिओ कॉलच्या प्रोग्रॅमने त्याची फाइल उघडीच ठेवलेली असते. थोड्या वेळाने तो ती बंद करतो, कर्नल ड्रायव्हरच्या फंक्शनमध्ये शिरतं, आणि ज्या रचनेकडे ते बघतं ती डेव्हएमने केव्हाच परत केलेली असते. लॉराँ पिंशार यांनी २०२२ मध्ये डब्लिनच्या लिनक्स प्लंबर्स परिषदेत यावर भाषण दिलं, आणि त्याच्या शीर्षकातच या मालिकेतल्या मेमरी घेणाऱ्या फंक्शनला घातक म्हटलं. अशा रचनेचं आयुष्य वापराच्या मोजणीवरूनच ठरायला हवं: शेवटचा वापरणारा सोडेल तेव्हा मोकळी. डेव्हएम इंटरप्टसाठी, घड्याळांसाठी, रजिस्टरांच्या नकाशासाठी उत्तम. जी वस्तू बाहेरच्या प्रोग्रॅमच्या हातात जाऊ शकते, तिच्यासाठी नाही.

कर्नलमध्ये रस्ट या भाषेला ६.१ पासून जागा मिळाली आहे. वस्तूचा मालक गेला की वस्तू मोकळी, हा तिथे भाषेचाच नियम असल्याने विसरण्याची चूक बरीचशी टळते. हार्डवेअर थांबवून घेण्याचं काम मात्र तिथेही नीट मांडावंच लागतं.

विंडोजकडे हीच दुखणी आहेत, फक्त तिथे कोसळण्याला क्रमांक असतो. ड्रायव्हर आपली लटकलेली कामं रद्द न करता उतरला आणि नंतर त्याच्या जागी कोणी गेलं, तर निळ्या पडद्यावर सीई हा षोडशमान क्रमांक येतो आणि त्याचं नावच 'प्रलंबित कामं रद्द न करता ड्रायव्हर उतरला' अशा अर्थाचं आहे. ड्रायव्हर व्हेरिफायर चालू असेल तर मेमरी परत न करता निघालेल्या ड्रायव्हरलाही तो दारातच अडवतो आणि यंत्र मुद्दाम पाडतो.

एक शंका राहिली असेल: आपण लॅपटॉप बंद करतो तेव्हा हे सगळं होतं का? नाही. यंत्र बंद होताना मॉड्यूलची निरोपाची फंक्शनं चालत नाहीत आणि मेमरीही कोणी मोकळी करत नाही, कारण वीजच जाणार आहे. ड्रायव्हरना फक्त आपापली डिव्हाइस शांत करायला सांगितलं जातं. ते सांगणं जरुरीचं असतं, कारण मेमरीत लिहिणारा फक्त प्रोसेसर नसतो. नेटवर्क कार्ड, डिस्कचा नियंत्रक, हे प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहितात. 'केएक्झेक' वापरून वीज न घालवता एका कर्नलमधून दुसऱ्या कर्नलमध्ये गेलो आणि कार्ड शांत केलं नसेल, तर ते जुन्या कर्नलने दिलेल्या पत्त्यांवर पॅकेट टाकत राहतं, आणि त्या पत्त्यांवर आता नवं कर्नल राहायला आलेलं असतं.

कर्नल कोसळल्यावर तर ड्रायव्हरना काही सांगण्याइतका भरवसाही उरत नाही. म्हणून कोसळल्याची नोंद घेणाऱ्या केडंप यंत्रणेत दुसऱ्या, छोट्या कर्नलसाठी मेमरीचा एक पट्टा यंत्र सुरू होतानाच राखून ठेवलेला असतो, जो पहिल्या कर्नलने कधी कोणत्याही डिव्हाइसला दिलेलाच नसतो. छोटं कर्नल त्या पट्ट्यातच उठतं, त्यातच काम करतं आणि बाकीची मेमरी फक्त वाचून डिस्कवर उतरवून घेतं. तिच्यात एखादं कार्ड अजूनही लिहीत असलं तरी त्याला फरक पडत नाही, कारण त्या मेमरीतली कुठलीच जागा ते स्वतःसाठी मागत नाही.